अठरावी थाप

मित्रांनो, मी एक जुना मृदंग आहे आणि मला अठरापर्यंत मोजता येतं. हसू नका. तुम्हाला शंभरापर्यंत येत असेल, पाढेही पाठ असतील. मी मात्र जन्मभरात एवढाच एक आकडा शिकलो, आणि नेमका त्याच आकड्यात खोटा पडलो. मला खोटं पाडणारा माणूस मला जीव लावणारा होता. म्हणून ही हकिकत सांगताना माझा आवाज कडवट लागेल. तेवढं चालवून घ्या.

महाड आणि पोलादपूरच्या मधल्या डोंगरात आमची वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, घरातला मृदंग आणि गावभर वाजला. वाडीत अठरा घरं, वरून खाली एका ओळीत उतरत आलेली. घरांच्या डोक्यावर माळ आणि माळावर एक झरा. तो मे महिन्यातही आटत नाही. प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मुंबईला कामाला असतं आणि गणपतीत सगळी परत येतात.

माझा जन्म महाडच्या बाजारपेठेतला. काशीराम नावाच्या कारागिरानं शिवणीचा ओंडका पोखरून माझं खोड केलं, दोन्ही तोंडांना कातडं चढवलं, चामड्याच्या वाद्यांनी, म्हणजे पट्ट्यांनी, मला आवळून बांधलं आणि उजव्या तोंडावर काळी शाई घोटली. शाई सुकत असताना तो मला म्हणायचा, "तुला दोन्ही बाजूंनी मार खायचाय, बाबा. कुरकुरलास तर कुणी घेणार नाही." तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

मला न्यायला आला तो कुशाबा. तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. दुकानात चार मृदंग होते. त्यानं चौघांनाही एकेक थाप मारली, माझ्यावर दुसरी मारली आणि मग मला खाली ठेवलंच नाही. एसटीत त्यानं मला मांडीवर घेतलं होतं, अंगावर पंचा पांघरून. शेजारच्या बाईनं विचारलं, "किती महिन्यांचा?" अख्खी गाडी हसली, कुशाबाही हसला. त्या दिवसापासून मी त्याच्या घरचा झालो.

कुशाबा आमच्या नाचाचा शाहीर. गौरी-गणपतीत आमच्याकडं जाखडी नाचतात. मधे शाहीर आणि मृदंग बसतात आणि भोवतीनं पायात घुंगरू बांधलेले गडी फेर धरतात. कुशाबा गाणं रचायचा, गायचा आणि मला वाजवायचाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी गाणी डोक्यात. आमच्याकडं आकड्यांची गाणी पुष्कळ. पाच पांडवांचं आहे, पाण्यातल्या सात आसरांचं आहे, नऊ रात्रींचं आहे. कुशाबा म्हणायचा, "आकडा असला की गानं हरवत नाय. मधलं कोन गळलं तर ऐकनाराच वरडतो." हे त्याचं वाक्य आहे, माझं नव्हे.

माझ्या पहिल्याच गणपतीत त्यानं वाडीचं गाणं बांधलं:

अठरा उंबरे, एकच वाडी गो,
अठरा चुलींना एकच काडी गो.

काडी म्हणजे आगपेटीची. पूर्वी एका घरची चूल पेटली की तिथला निखारा शेजारच्या घरी जायचा, तिथून पुढच्या, आणि सगळी वाडी एका काडीवर पेटायची. गाणं वरच्या घरापासून सुरू व्हायचं. नाच एकेक अंगण उतरत यायचा आणि प्रत्येक अंगणात त्या घराचं एक कडवं. पहिलं घर महिपतीचं, शेवटचं अठरावं कुशाबाचं स्वतःचं, आणि मधलं अकरावं मुरारीचं:

अकराव्या दारी मुरारी झांजकरी,
पाहुणा दाराशी, भाकर तव्यावरी.

मुरारी नाचात झांज वाजवायचा. कुशाबाचा तो जिवाभावाचा मैतर. त्याचं कडवं लागलं की त्याची बायको तुळसा आत पळायची आणि खरोखरच तव्यावरची गरम भाकरी आणून कुशाबाच्या हातावर ठेवायची. कुशाबाचा हात भाजायचा, तो पुढचं कडवं फुंकर मारत म्हणायचा आणि गडी हसत सुटायचे. दरवर्षी हेच व्हायचं आणि दरवर्षी लोक नव्यानं हसायचे.

सगळी घरं झाली की कुशाबाच्या अंगणात शेवटचा तोडा. सहा-सहाच्या तीन रांगा, घरटी एक, अशा अठरा थापा. अठरावी पडली की सगळे घुंगरू एकदम थांबायचे. वाडीतली पोरं शाळेत जाण्याआधी माझ्याकडूनच अठरापर्यंत मोजायला शिकली. मी त्यांचा पहिला मास्तर. छडी मारणारे मास्तर पुष्कळ असतात, मी मार खाणारा होतो.

ती माझी चांगली वर्षं. नाचाच्या दिवशी कुशाबाची बायको प्रयागबाई कणीक मळायची. डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा चिकटवल्याशिवाय मृदंग घुमत नाही. ती म्हणायची, "घरातल्या मानसांआधी ह्याला जेवन." एकदा महाडला नाचांचा सामना झाला. आमचं अठराचं गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. परतताना मुरारीनं मला खांद्यावर घेतलं, कुशाबाला हात लावू दिला नाही. "तू गायलास, तू दमलायस," म्हणाला. वाडीत पोचलो तेव्हा तुळसानं मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मृदंगाची दृष्ट काढलेली मी तरी दुसरीकडं ऐकलेली नाही. मी सुखी होतो. आत्ताच सांगून टाकतो, कारण यापुढं हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

आठ वर्षांपूर्वी मुंबईची एक पार्टी आमचा माळ बघून गेली. त्यांना तिथं हवा खायला येणाऱ्यांसाठी बंगले बांधायचे होते. माळ सगळ्या वाडीचा सामाईक. त्यामुळं अठराच्या अठरा घरांच्या सह्या लागणार होत्या. महिपती गावकीचा म्होरक्या. गावकी म्हणजे वाडीतल्या घरांची आपसातली पंचायत. तिचा शब्द मोडायची आमच्याकडं रीत नाही. कुशाबाच्या ओटीवर बैठक बसली. सतरा घरांनी सह्या-अंगठे दिले. कागद मुरारीपुढं आला तेव्हा त्यानं हात मागं घेतला.

"माळाबरोबर झरा जातो," तो म्हणाला. "पानी इकून आमी काय प्यायचं?"

"पार्टी नवे नळ देनार हाय," महिपती म्हणाला.

"आज देतील ते उद्या बंद पन करतील."

महिपती चिडला नाही. तो कधीच चिडत नसे, आणि तेच त्याचं वाईट होतं. मी खुंटीला टांगलेला होतो. माझ्याकडं बोट करून तो म्हणाला, "मुरारी, इतकी वर्सं काय गातोस तू? एकच काडी ना? मग आज तुझी काडी येगळी कशी?"

मित्रांनो, आमचं गाणं असंही वापरता येतं हे मला त्या दिवशी कळलं. 'आपण सगळे एक' असं ज्या गाण्यात येतं, ते गाणं 'नाही' म्हणणाऱ्याच्या डोक्यात घालता येतं. ज्यानं ते रचलं तो कुशाबा तिथंच बसला होता. तो पान लावत राहिला.

मुरारीनं सही दिली नाही. आठ दिवसांत वाडी त्याच्याशी बोलेनाशी झाली. भाताच्या लावणीला त्याच्या शेतात कुणी उतरलं नाही. झऱ्याचं पाणी नळानं घरोघर येत होतं, त्यातली मुरारीच्या नळाची तोटी कुणीतरी काढून नेली. चवदार तळं आमच्यापासून फार लांब नाही. तिथं काय झालं तो धडा आमच्या पोरांच्या पुस्तकात आहे. पोरं तो घडाघडा म्हणून दाखवायची, आणि वाटेवरचा तो बुचा नळ बघत घरी यायची.

पण तेव्हा नुकताच कायदा झाला होता. कुणाला वाळीत टाकलं तर तुरुंग. महिपती शहाणा माणूस. त्यानं कागदावर एक अक्षर येऊ दिलं नाही. गणपतीच्या आधी तो कुशाबाकडं आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ठराव कशाला करायचा? तुझ्या गान्यात आकडा हाय. तो सतरा कर. मुंबयवाल्यांना समजंल, पोरांना समजंल. कोनी काय बोलायला नको."

कुशाबानं माझ्या वाद्या चाचपल्या. "तोडा लंगडा होईल," एवढंच तो म्हणाला.

"होऊ दे. वाडी धड ऱ्हाईल. आनि तुला जमत नसंल तर सांग. सोळाचं गानं दुसरा कोनीतरी बांधंल."

कुशाबा भ्याला. मी त्याला दोष देतो, पण तो का भ्याला तेही सांगतो. त्याची नात श्रुतिका हिचं लग्न ठरत होतं, आणि आमच्याकडं गावकी आल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. माणूस मेलं तर खांदेही गावकीच देते. हे सगळं खरं आहे. तरी मुरारी त्याचा मैतर होता, आणि त्या झऱ्याचं पाणी कुशाबाही पीत होता. एवढा चांगला शाहीर एका कपभर चहात गेला, याचा मला अजून राग येतो.

त्या गणपतीत भर दुपारी नाच वरून निघाला. मुरारीला सगळं कळलं होतं. तरी त्यानं अंगण सारवून घेतलं होतं आणि झांज मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला होता. तुळसा दारात उभी होती. दहाव्या घराचं कडवं संपलं. कुशाबानं मान खाली घातली आणि गडी मुरारीच्या अंगणावरून तसेच पुढं गेले. पुढच्या अंगणात बसून कुशाबा गायला, "अकराव्या दारी", आणि त्यापुढं त्यानं बाराव्या घरच्या धन्याचं नाव घेतलं. तिथून खालची सगळी घरं एकेक आकड्यानं वर सरकली. गेल्या वर्षीपर्यंत आम्ही पंधरावे होतो, मग यंदा चौदावे कसे, असं एकाही घरानं विचारलं नाही.

शेवटी कुशाबाच्या अंगणात तोडा. सहा, सहा आणि पाच. सतरावी थाप मारून त्यानं हात वरच्या वर धरला. गडी गोंधळले. पाय कुठं टेकायचा ते कुणाला कळेना. आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेवर वरच्या आळीतून झांज वाजली, एकदाच. मुरारीनं आपल्या अंगणात बसून अठरावी थाप भरून काढली होती. ताल एका केसानंही चुकला नव्हता.

कुणी वर बघितलं नाही. महिपती म्हणाला, "चला, आरती घ्या."

पुढच्या वर्षीही तसंच झालं. सतरा थापा माझ्या आणि अठरावी त्याची. त्या एका आवाजाची मी वर्षभर वाट बघत होतो. तिसऱ्या वर्षी ती जागा रिकामी राहिली, कारण मुरारी श्रावणात गेला होता.

त्याला खांदा द्यायला वाडीतून कुणी उठलं नाही. त्याची मुलगी सेजल महाडला दिली आहे. तिचा नवरा तीन मित्रांना घेऊन आला आणि त्या चौघांनी त्याला नेलं. कुशाबा रस्त्याकडं पाठ करून ओटीवर बसला होता. प्रयागबाई म्हणाली, "जावा की हो. कोन खातंय तुमाला?" तो उठला नाही. तिरडी आमच्या घरावरून गेली तेव्हा त्याचा हात माझ्यावर होता आणि त्यानं माझी एक वादी घट्ट धरली होती. त्या हातानं तेवढंच केलं, हे मी विसरू शकत नाही.

तेरावं झाल्यावर तुळसानं खाली तालुक्याच्या कचेरीत तक्रार दिली. तिच्याकडं कागद नव्हता, कारण कागद झालाच नव्हता. तिनं पुरावा म्हणून गाणं दिलं. "आमचं घर गान्यातनं काढलंय सायेब," ती म्हणाली. "अठराचं सतरा केलंय. कुशाबांना बोलवा, मृदंग घेऊन." साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खरंच बोलावलं.

महिपतीच्या जीपमधून आम्ही गेलो. कचेरीत मला टेबलाशेजारी फरशीवर ठेवलं. एका बाकावर तुळसा आणि समोरच्या दोन बाकांवर वाडी.

"या बाई म्हणतात, गाण्यात आधी अठरा घरं होती," साहेब कुशाबाला म्हणाले. "गाणं तुम्ही रचलंय ना? काय खरं आहे ते न घाबरता सांगा."

कुशाबा फरशीकडं बघत म्हणाला, "गानं पयल्यापासनं सतराचंच हाय सायेब."

"भावजी," तुळसा म्हणाली.

"पण वाडीत घरं किती आहेत?" साहेबांनी विचारलं.

महिपती पुढं झाला. "घरं अठरा हायत. पन ते गानं हाय, सायेब. खानेसुमारी नाय."

बाकावरचे दोघंतिघं हसले. साहेबांनी कुशाबाला वाजवून दाखवायला सांगितलं. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि वाजवलं. सहा, सहा आणि पाच. हात थांबला. मी आतून तडकेन की काय असं मला झालं. मृदंगाला दोन तोंडं असतात, पण स्वतःचं बोलायला एकही नसतं. मला त्या क्षणी एकदाच, फक्त एकदाच, आपलं आपण वाजता यायला हवं होतं.

तुळसा उभी राहिली. "ऐकलंत सायेब? तोडा पुरा झाला नाय. शेवटची थाप हातातच ऱ्हायली त्यांच्या. कोनालाबी इचारा."

साहेबांनी शिपायाकडं बघितलं आणि शिपायानं खिडकीबाहेर. शेजारच्या गावातली दोन माणसंही बोलावलेली होती. ती म्हणाली, "आमी नाच बगायला जायचो सायेब, थोडेच मोजत बसलेलो." वाडीतल्या बाकीच्यांनी कुशाबाचीच री ओढली.

"बाई, ज्यानं गाणं रचलं तोच सतरा म्हणतोय," साहेब म्हणाले. "मग मी दुसरं काय लिहू?"

त्यांनी सतरा लिहिलं. कुशाबानं खाली अंगठा दिला. अंगठ्याची शाई त्यानं जाता जाता माझ्या खोडाला पुसली. काशीरामनं घोटलेली शाई केव्हाच झिजली, ही मात्र जात नाही.

पुढच्या गणपतीत कुशाबानं प्रयागबाईकडं कणीक मागितली. ती म्हणाली, "तुमच्या हातानं मळा. माझ्या पिठानं हे खोटं घुमवायचं नाय." त्यानं मळली. त्याला पाण्याचा अंदाज नव्हता. गोळा सैल झाला आणि तिसऱ्याच अंगणात गळून पडला. बाराएक वर्षांच्या पोरीही तोंडावर हात धरून हसल्या. त्या साली मी डाव्या बाजूनं मुकाच राहिलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण कुशाबाचा नातू अक्षय मुंबईहून दोन मित्रांना घेऊन आला, आजोबांकडून गाणं म्हणवून घेतलं, फोनवर भरून नेलं आणि तिकडं जाऊन त्याला मशीनचं संगीत लावलं. अठराव्या थापेच्या रिकाम्या जागेवर त्यानं मशीनचा ठोका टाकला. गाण्याचं नाव ठेवलं 'सतरा उंबरे'. बघता बघता ते लाखो लोकांनी ऐकलं. लग्नात, हळदीत, टेम्पोत, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळीकडं सतरा. एकदा तुळसा महाडहून येत होती तेव्हा एसटीच्या ड्रायव्हरनं तेच लावलं. ती अर्ध्या वाटेत उतरली आणि उरलेला घाट चढून चालत आली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कंडक्टरनं सांगितलं.

कुशाबाला तेव्हा पहिल्यांदा धसका बसला. त्यानं नातवाला फोन लावला. "अरे, तेवढं अठरा कर. गानं अठराचं हाय."

"आजोबा, टायटल अपलोड झालंय," अक्षय म्हणाला. "आता चेंज केलं तर व्ह्यूज जातील. आणि अठरा काय, सतरा काय, बीट मस्त हाय ना?"

आज त्या सतरा घरांपैकी अकरांना कुलूप आहे. पहिलं घर महिपतीचं. तो पनवेलला मुलाकडं राहतो आणि त्याच्या ओटीवर गवत उगवलं आहे. पण गाण्यात त्याचं कडवं पहिलंच येतं. तुळसाच्या घरात रोज दिवा लागतो आणि ते गाण्यात नाही. तिनं अजूनही सही दिलेली नाही. म्हणून माळ जागेवर आहे, झरा जागेवर आहे आणि त्याचं पाणी उरलेल्या घरांच्या नळांना येतं. तुळसा हंडा घेऊन झऱ्यावर जाते. नळाला तोटी लावायला आजतागायत कुणी गेलं नाही.

माझंही काही खरं राहिलेलं नाही. काशीरामचं दुकान एकवीस सालच्या पुरात गेलं, तेव्हापासून माझ्या वाद्या कुणी ओढलेल्या नाहीत. उजवं कातडं सैल झालं आहे आणि डाव्याची कड उंदरानं खाल्ली आहे. मुंबईची पोरं गणपतीत मोठाले स्पीकर घेऊन येतात. माझ्यासोबत फोटो काढतात आणि मला परत खुंटीला लावतात.

यंदाच्या माघात प्रयागबाई गेली. ज्या गावकीच्या चार खांद्यांसाठी कुशाबानं अंगठा दिला होता, त्या गावकीत मिळून चार धड खांदे निघेनात. दोन म्हातारे निघाले. बाकीचे दोघं खालच्या गावातून बोलवावे लागले. तुळसा मात्र न बोलावता आली. तिनं प्रयागबाईला आंघोळ घातली, केस विंचरले, कुंकू लावलं आणि घरी गेली.

त्यानंतर एका सकाळी कुशाबानं मला खुंटीवरून काढलं, पुसलं, स्वतः कणीक मळली. या वेळी बरी मळली होती. धापा टाकत तो वर चढला आणि तुळसाच्या अंगणात जाऊन बसला. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"बस गो जरा, तुळसा," तो म्हणाला.

त्यानं गाणं पहिल्यापासून म्हटलं. अठरा उंबरे. आवाज फाटला होता, पण एकही घर गाळलं नाही. अकराव्या दारी त्यानं मुरारीचं नाव घेतलं. मग तोडा. सहा, सहा आणि सहा. अठरावी थाप माझ्यावर पडली. मला वाटलं, सुटलो.

कुशाबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलो गो मी," तो म्हणाला.

तुळसानं सूप खाली ठेवलं. "बरं वाजवलंत भावजी. हात अजून हाय तुमचा." मग ती साध्या आवाजात म्हणाली, "आता जिथं सतराचा अंगठा दिलात, तिथं जाऊन हेच वाजवा. माझ्या दारात कशाला? किती घरं हायत ते मला ठाव हाय."

कुशाबा गडबडला. "आता ह्या वयात? ते सायेबपन बदलले असतील."

"सायेब बदलले. कागद तोच हाय. उद्या साडेसातची यष्टी हाय. मी येते संगती. मृदंग मी धरीन, तुमाला ओझं नको."

"बगू," तो म्हणाला आणि मला उचलून खाली आला.

कुशाबाचं घर शेवटचं, त्यामुळं ओटीवरून एसटीचा फाटा दिसतो. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या आधीच तुळसा धुवट लुगडं नेसून फाट्यावर उभी होती. हातात पिशवी होती, भाकरी बांधून घेतली असावी. गाडी आली. कंडक्टरनं विचारलं, "येताय ना मावशी?" ती म्हणाली, "थांब रे जरा, एक मानूस यायचं हाय." गाडी थांबली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. कुशाबा दाराआड उभा होता. मी खुंटीवर होतो. गाडी गेली. तुळसा आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि मग आमच्या घराकडं न बघता वर गेली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडं काहीतरी मागतात. मला तेल लावा, जपून ठेवा, माझी आठवण काढा, असं म्हणतात. मला त्यातलं काही नको. ज्याचा गुन्हा केला त्याच्या दारात रडणं सोपं असतं. खोटं जिथं लिहून घेतलं गेलं तिथं जाऊन खरं बोलायला पाय उचलत नाही. माझ्यात अजून अठरा थापा आहेत, एकोणिसावीचा भरवसा नाही. तुमच्यापैकी कुणी आमच्या बाजूला आलात तर कुशाबाच्या हाताला धरा आणि त्याला साडेसातच्या गाडीत बसवा. मला कुणीही उचलून घेईल.

कुशाबा अजून आहे. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारा गेला म्हणून राहून गेलं. तो रोज सकाळी उठतो, चहा पितो आणि गाडी जाईपर्यंत आतच बसतो.